"ऑनलाइन काहीच मिळत नाही" म्हणण्याआधी: मानव्यविद्यांची अभ्याससाधनं शोधण्याचा क्रम

एम.ए.चा लघुप्रबंध किंवा पीएच.डी.चा आराखडा घेऊन मुलं ग्रंथालयात येतात, तेव्हा पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "मॅडम, या विषयावर ऑनलाइन काहीच नाही." काय टाईप केलंत, असं विचारलं की कळतं, मार्गदर्शकांनी मंजूर केलेलं सबंध शीर्षक गूगलमध्ये टाकलेलं असतं. तेही एकदाच, तेही आजच्या शुद्धलेखनात. इतिहास, समाजशास्त्र, साहित्य, सगळीकडे हीच चूक होते. साधनं असतात. ती दुसऱ्याच शब्दाखाली, दुसऱ्याच स्पेलिंगखाली आणि कधीकधी चुकीच्या वर्षाखाली पडून असतात.

खालचा क्रम अनेक मुलांशेजारी बसून पक्का झालेला आहे. तो मोडला की दिवस वाया जातात, म्हणून टप्प्यांना आकडे घातलेत. उदाहरण सगळीकडे एकच धरलंय: गिरणगावातल्या खानावळी. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून परळ-लालबागला राहायचे आणि बायांनी घरात चालवलेल्या खानावळीत जेवायचे. मुंबईत बसून करायला फार चांगला विषय आहे, आणि नुसतं शीर्षक टाईप करून त्यावर फारसं हाती लागत नाही.

## टप्पा 1: शब्दवही

याला एक पूर्ण दिवस द्या. अर्धं काम इथेच होतं. इंटरनेट बंद ठेवा आणि वहीची चार पानं घ्या.

पहिल्या पानावर आजचे मराठी शब्द: खानावळ, खानावळवाली, डबा, गिरणगाव, गिरणी कामगार, चाळ, खोली, गाळा.

दुसऱ्या पानावर जुने शब्द. शंभर वर्षांपूर्वीच्या मजकुरात 'कामगार' या शब्दाच्या जोडीने 'कामकरी', 'मजूर', 'गिरणीवाले' असे शब्द येतात. 'खानावळ' ही 'खाणावळ' अशीही छापलेली दिसते. राहण्याच्या जागेला 'बिऱ्हाड'. हे शब्द सुचत नसतील तर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर जा. तिथे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857ची आवृत्ती, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश असे तिन्ही मोफत चाळता येतात. मोल्सवर्थमध्ये इंग्रजी अर्थातही शोधता येतं, म्हणजे इंग्रजी शब्द टाकून जुने मराठी शब्द उलट बाजूने सापडतात. पुष्कळांना हे माहीतच नसतं.

तिसऱ्या पानावर इंग्रजी शब्द. अहवाल लिहिणारा गोरा अधिकारी 'खानावळ' लिहील याची खात्री नाही. तो 'बोर्डिंग हाउस' लिहील, 'ईटिंग हाउस' लिहील, किंवा कामगाराला 'लॉजर' म्हणून मोकळा होईल. गिरणी कामगाराला 'मिलहँड' किंवा 'ऑपरेटिव्ह', मुकादमाला 'जॉबर'. शहराचं नाव 1995पर्यंत इंग्रजीत 'बॉम्बे' होतं, त्यामुळे फक्त 'मुंबई' टाकलं तर बहुतेक जुनं इंग्रजी साहित्य गळून पडतं. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले असतील तर त्यांची सगळी रूपं मांडा. खानावळच्या स्पेलिंगमध्ये 'व्ही' येईल किंवा 'डब्ल्यू', शेवटी 'आय' येईल किंवा येणार नाही. शिवडी, वरळी, गिरगाव यांची जुनी इंग्रजी स्पेलिंगं आजच्या पाट्यांवरच्यापेक्षा वेगळी आहेत.

चौथ्या पानावर माणसं, संस्था, घटना, वर्षं. 1884: नारायण मेघाजी लोखंडे यांची बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन. 1928: मोठा संप आणि गिरणी कामगार युनियन. 1975: प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायांना एकत्र आणून उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ. 18 जानेवारी 1982: दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप. विषयाच्या शीर्षकापेक्षा अशा ठोस नावांनी कितीतरी जास्त सापडतं.

जुनं शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम 1962मध्ये लागू झाले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत 'नाही'चं 'नाहीं' असतं, 'गिरणीत'चं 'गिरणींत'. गोविंद नारायण माडगावकरांचं 1863चं पुस्तक 'मुंबईचें वर्णन' आहे, 'चें'वर अनुस्वार. एवढ्या एका टिंबामुळे शोध रिकामा परत येऊ शकतो. शब्दवहीत जुन्या रूपांसाठी वेगळा रकाना ठेवा.

दिसायला एक, आत दोन. 'कामकऱ्यांची', 'बिऱ्हाड', 'वऱ्हाड' यांतला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवलेला असतो: काही कीबोर्ड खाली टिंब असलेला 'ऱ' वापरतात, काही साधा 'र' आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. 'ॲ' या अक्षराचंही असंच आहे. उपाय सोपा आहे. तो शब्द एकदा मोबाइलवरून टाईप करून शोधा, एकदा ग्रंथालयाच्या संगणकावरून. किंवा तो अर्धा र वगळून फक्त 'कामक' एवढाच तुकडा टाका, जिथे साइट अर्धवट शब्द घेते तिथे.

*तपासा:* चारही पानं मिळून किमान चाळीस शब्द झाले का? नसतील तर पुढे जाऊ नका. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराला तासभर भेटा. त्यांच्या तोंडून येणारे शब्द कोणत्याही कोशात मिळणार नाहीत.

## टप्पा 2: तुमच्याकडे कोणत्या किल्ल्या आहेत?

विद्यार्थी पैसे भरून लेख विकत घेतात आणि नंतर कळतं, तोच लेख कॉलेजच्या लॉगिनवर मोफत होता. म्हणून शोधाआधी ग्रंथपालांना तीन प्रश्न विचारा.

आपली संस्था 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये आहे का? 1 जानेवारी 2025पासून सुरू झालेल्या या केंद्राच्या योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. केंब्रिज, ऑक्सफर्ड, सेज, टेलर अँड फ्रान्सिस ही मानव्यविद्यांच्या कामाची नावं त्यात आहेत. विनाअनुदानित खासगी कॉलेजातल्या मुलांनी हे आपल्याला मिळेलच असं धरून चालू नये.

कॉलेज 'एन-लिस्ट'चं, म्हणजे कॉलेजांना ई-साहित्य पुरवणाऱ्या योजनेचं, सदस्य आहे का, आणि माझं लॉगिन कुणी तयार करायचं? घरून वापरायचं तर कसं?

जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन साठ्याचं कॉलेजकडे सदस्यत्व नसलं तरी स्वतःच्या ईमेलवर मोफत खातं उघडता येतं. त्यावर 30 दिवसांत 100 लेखांपर्यंत स्क्रीनवर वाचता येतात, उतरवून मात्र घेता येत नाहीत. मुंबईतूनच निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक तिथे आहेत. गिरणगावावर काम करणाऱ्याला ते टाळून चालणारच नाही.

*सावधान:* घरून साइट उघडली आणि पैसे मागितले, म्हणजे लेख आपल्याला बंद आहे असं समजू नका. आधी संस्थेच्या लॉगिनने आत शिरलात का, ते बघा. ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे मोफत एक्स्टेंशन बसवून घ्या. लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे ठेवलेली असेल तर ते दाखवतं.

## टप्पा 3: आधी दुसऱ्यांनी काय वाचलं ते बघा

मुलं थेट मूळ कागदपत्रांवर उडी घेतात. तसं करू नका. कुणीतरी आधी या रानातून गेलेलं असतं, त्याच्या पायवाटेने आत शिरा.

सुरुवात मराठी विश्वकोशातल्या नोंदीने करा. महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाने तो ऑनलाइन खुला ठेवला आहे. नोंद वाचायला वीस मिनिटं लागतात आणि मराठी संज्ञा कळतात. शब्दवहीत भर घाला.

मग शोधगंगा. इन्फ्लिबनेटच्या या साठ्यात भारतीय विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध आहेत. बहुतेक प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतात. सगळे पहिलं प्रकरण उघडतात. तुम्ही शेवटची, संदर्भसूचीची फाइल आधी उघडा. चांगल्या प्रबंधाची संदर्भसूची म्हणजे कुणाची तरी चार-पाच वर्षांची मेहनत असते. मराठीतल्या प्रबंधांची शीर्षकं कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये, कुठे इंग्रजी भाषांतरात नोंदलेली असतात, म्हणून तिन्ही प्रकारे शोधा. विद्यापीठाचं नाव घेऊन विभागवार चाळणं हा आणखी खात्रीचा मार्ग. वेळ जातो, पण शब्दाच्या शोधातून निसटलेले प्रबंध तिथे सापडतात.

त्यानंतर गूगल स्कॉलर. एक चांगला लेख सापडला की त्याच्याखालचं 'साइटेड बाय' दाबा: त्या लेखाचा आधार घेऊन नंतर कुणी काय लिहिलं, ते दिसतं. लेखाच्या तळटिपा मागे नेतात, ही यादी पुढे नेते. दोन्हीकडे दोन-दोन पावलं जा आणि थांबा. त्याच त्या नावांची उजळणी सुरू झाली की या टप्प्याचं काम झालं.

*सावधान, आणि हे मी कळकळीने सांगते:* एआय चॅटबॉटला "या विषयावरचे दहा संदर्भ दे" म्हणून मिळालेली यादी प्रबंधात टाकू नका. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही, असं घडतं. एका मुलीने असा एक लेख शोधत आठवडा घालवला. प्रत्येक संदर्भ वर्ल्डकॅटवर (जगभरातल्या ग्रंथालयांची एकत्रित सूची), नियतकालिकाच्या स्वतःच्या साइटवर किंवा डीओआय क्रमांकाने (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) तपासा. सापडला नाही तर खोडा. शब्दवही वाढवायला चॅटबॉट वापरलात तर हरकत नाही, कारण तिथे चुकीचा शब्द आला तरी फार तर एक शोध रिकामा जातो.

## टप्पा 4: मूळ साधनं

आता शब्दवही उघडा आणि पुढच्या जागा एकेक करून संपवा. पाच टॅब एकदम उघडू नका. कुठे काय शोधून झालं, हे संध्याकाळपर्यंत लक्षात राहत नाही.

इंटरनेट आर्काइव्ह. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली हजारो जुनी पुस्तकं, मराठीही, इथे आहेत. पण त्यांची शीर्षकं रोमन लिपीत आणि मनाला येईल तशी टाईप केलेली आहेत. देवनागरीत शोधून ती सापडत नाहीत. रोमनमध्ये शीर्षकाचा एखादाच शब्द घ्या, अनुस्वाराच्या जागी 'एन' किंवा 'एम', शेवटी 'ए' असलेला आणि नसलेला, असे चार-पाच प्रयत्न करा. लेखकाच्या आडनावानेही शोधा. शोधचौकटीजवळ नोंदींत शोधायचं की मजकुरात, असा पर्याय असतो. इंग्रजी अहवालांसाठी मजकुरातला शोध जरूर वापरा. नोंदीत 'बोर्डिंग हाउस' कुठेच नसेल, पण आतल्या एखाद्या परिच्छेदात असेल.

खानावळींसाठी इथे काय शोधावं? 1923चा फिंडले शिरास यांचा मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अहवाल. 1925चा बर्नेट-हर्स्ट यांचा कामगार आणि घरांवरचा अभ्यास. मुंबईच्या लेबर ऑफिसचं 1921पासूनचं 'लेबर गॅझेट'. 1929मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरचे साक्षींचे खंड. यांतला एकही 'खानावळी'बद्दल म्हणून लिहिलेला नाही, आणि विषय सापडतो तो अशाच कागदांत. प्रत्येकात आधी शेवटची सूची बघा: 'फूड', 'डायट', 'हाउसिंग', 'लॉजर्स' या शब्दांसमोरची पानं टिपून घ्या, मग ती वाचा.

साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज. जेस्टोरच्याच साइटवर, पण पूर्ण मोफत. जनगणना अहवाल, सरकारी प्रकाशनं, जुनी नियतकालिकं.

ग्रंथसंजीवनी. एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचा डिजिटल संग्रह. टाउन हॉलमधल्या जुन्या, हात लावला तर तुकडे पडतील अशा छापील गोष्टी इथे स्क्रीनवर दिसतात. मुंबईवर काम करणाऱ्याने याला स्वतंत्र दिवस द्यावा.

अभिलेख पटल. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल. फाइलच्या विषयओळीत शोध होतो, आतल्या मजकुरात नाही. म्हणून इथे लहान, सरकारी थाटाचे इंग्रजी शब्द चालतात: 'मिल', 'स्ट्राइक', 'बॉम्बे', सोबत वर्षांची मर्यादा.

राज्य शासनाच्या साइट. दर्शनिका विभागाची जिल्हा गॅझेटियरं आणि साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं मोफत वाचता येतात. मुंबई शहराचं 1909-10चं तीन खंडांचं गॅझेटियर तर हाताशीच ठेवा.

*तपासा:* हाथीट्रस्ट किंवा गूगल बुक्सवर पुस्तक दिसतंय पण पानं उघडत नाहीत? अमेरिकेतल्या वाचकांना खुली असलेली बरीच पुस्तकं इथून बंद दिसतात. तेच शीर्षक इंटरनेट आर्काइव्हवर शोधा. अनेकदा तिथे दुसरी प्रत असते.

## टप्पा 5: पीडीएफ मिळाली, पुढे?

उतरवलेल्या फाइलमध्ये शोध चालवून "शब्द नाही" म्हणण्याआधी एक छोटी चाचणी करा. फाइलमधली एक मराठी ओळ निवडा, कॉपी करा, कोऱ्या पानावर पेस्ट करा.

मराठी नीट उमटली तर फाइल शोधण्याजोगी आहे. रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हांची खिचडी उमटली तर ती युनिकोडपूर्व, म्हणजे देवनागरीसाठी आजची सर्वमान्य संकेतपद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे. शोधगंगेवरचे कितीतरी मराठी प्रबंध असेच आहेत. त्यात देवनागरी शब्द कधीच सापडणार नाही. फॉन्ट कन्व्हर्टर वापरा, नाहीतर डोळ्यांनी वाचा. आणि ओळ निवडताच आली नाही तर ते नुसतं चित्र आहे.

चित्रातला मजकूर काढायला गूगल ड्राइव्ह पुरतो. फाइलचे आठ-दहा पानांचे तुकडे करा, ड्राइव्हवर चढवा, राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी ओळखली जाते, पण जुन्या छपाईतले अनुस्वार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. म्हणून या मजकुराचा उपयोग फक्त पान शोधायला करा. अवतरण घ्यायचं ते मूळ चित्रावरूनच, अक्षर न् अक्षर ताडून.

## टप्पा 6: नोंद, त्याच क्षणी

इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. एका अहवालातल्या चाळीसेक उताऱ्यांना मी पीडीएफमध्ये दिसणारे पृष्ठांक दिले. छापील पुस्तकात सुरुवातीची बावीस पानं रोमन आकड्यांची होती. सगळे पृष्ठांक बावीसने चुकले आणि सगळे उतारे पुन्हा शोधावे लागले. तेव्हापासून मी कागदावर छापलेला आकडाच लिहिते.

झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर बसवा. ब्राउझरच्या एका बटणाने संदर्भ त्यात जातो. मात्र जुन्या मराठी पुस्तकांची आपोआप आलेली माहिती तशीच ठेवू नका, मुखपृष्ठानंतरचं पान उघडून लेखक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष स्वतः ताडा.

वर्षाच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. जुन्या पुस्तकांवर शके छापलेलं असतं आणि नोंद करणारा तोच आकडा इसवी सन म्हणून टाकतो. शकात 78 मिळवा. पौष-माघाच्या सुमाराचं, म्हणजे जानेवारी ते मार्चमधलं प्रकाशन असेल तर 79. पडताळ्यासाठी 'दर्पण'चा पहिला अंक घ्या: 6 जानेवारी 1832, म्हणजे शके 1753. महिना कळत नसेल तर 'शके 1815 (इ.स. 1893-94)' असं दोन्ही लिहा.

आणि फसलेल्या शोधांचीही नोंद ठेवा. माझ्याकडच्या एका विद्यार्थ्याच्या वहीतली ओळ अशी आहे: "अभिलेख पटल. 'बोर्डिंग हाउस', 1920 ते 1935. काही नाही. 'लॉजर' बघायचंय." तीन महिन्यांनी तोच शोध पुन्हा करण्यापासून ही एक ओळ वाचवते.

वेबपानाचा आधार घेत असाल तर वेबॅक मशीनवर ते पान त्याच दिवशी जतन करा आणि तो दुवाही लिहा. सरकारी साइटचे पत्ते बदलतात.

## टप्पा 7: काय वापरता येतं

थोडक्यात: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी 1950मध्ये गेले, त्यांचं लेखन 1 जानेवारी 2011पासून मुक्त झालं. शासकीय प्रकाशनाला प्रकाशनापासून 60 वर्षं. अभ्यासासाठी उतारा घेऊन संदर्भ देणं वेगळं, आणि हक्क असलेलं सबंध पुस्तक स्कॅन करून वर्गाच्या ग्रुपवर टाकणं वेगळं. दुसरं करू नका.

## टप्पा 8: उरलेल्या यादीसह बाहेर पडा

सगळं करून झाल्यावर अशी एक यादी उरते, जिच्यातलं साधन आहे हे माहीत आहे पण स्क्रीनवर नाही. ती हातात आली की मगच लोकल पकडा, आधी नाही. जुनी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं दादर-नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात. सरकारी दप्तरं काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात. जायच्या आधी फोन करून वेळ आणि सुट्ट्या विचारा. ओळखपत्र, त्याची छायाप्रत आणि मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र जवळ ठेवा. फोटो काढू देतात का, काय दर आहे, हेही फोनवरच विचारा. शाईच्या पेनाऐवजी पेन्सिल न्या.

तिथल्या माणसाला "खानावळींवर काही आहे का?" असं विचारू नका. दप्तरं विषयाने नव्हे, खात्याने आणि वर्षाने लावलेली असतात. तळटिपांमधून उतरवलेला विभाग, वर्ष, खंड आणि फाइलचा क्रमांक कागदावर सुवाच्य लिहून द्या. शंका असेल तर अलीकडचं-पलीकडचं एकेक वर्षही खाली लिहा, कारण डिसेंबरातलं प्रकरण बरेचदा पुढच्या वर्षाच्या खंडात बांधलेलं असतं.